पुढचे चाक कोणासाठी?



मोटरसायकलचे पुढचे चाक हवेत उचलायचे आणि केवळ मागच्या चाकावर ती पळवायची, याला आपली मुले 'व्हीली मारणे' म्हणतात. आपल्यातील ज्येष्ठांनी कदाचित हा शब्द ऐकला नसेल. परंतु प्रकार नक्कीच पाहिला असेल. रविवारी संध्याकाळी समुद्राकडे जाणाऱ्या सरळ रस्त्यावर इंजिनाचा आवाज एकदम चढतो, एखादी गाडी घोड्यासारखी मागच्या पायांवर उभी राहते, कडेला उभी असलेली मुले शिट्ट्या मारतात, आणि ओटीवर बसलेली एखादी आजी क्रुसाची खूण करते.

युवकांशी बोलताना हा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो: "फादर, व्हीली शिकणे हे पाप आहे का?" विचारणारा अर्धा थट्टेत असतो आणि अर्धा अगदी मनापासून विचारत असतो. या प्रश्नाची दोन तयार उत्तरे आपल्या घराघरांत ऐकू येतात. मोठी माणसे म्हणतात, "पाप नाही तर काय? आईबापाच्या जिवाला घोर लावणे हे पापच." मुले म्हणतात, "जीव माझा, गाडी माझी, पेट्रोल माझ्या पगारातले. दुसऱ्याचे काय जाते?" ही दोन्ही उत्तरे घाईची आहेत. पहिल्या उत्तरात मुलाचे काही ऐकूनच घेतलेले नाही. दुसऱ्या उत्तरात रस्त्यावरची बाकीची माणसे धरलेलीच नाहीत. म्हणून आज या प्रश्नाचा जरा शांतपणे विचार करू या.

गाडी उभी कशी राहते?

एखाद्या कृतीचा नैतिक विचार करायचा असेल तर ती कृती नेमकी काय आहे हे आधी समजून घ्यावे लागते. गाडी जोराने वेग घेते तेव्हा तिचा भार मागच्या चाकाकडे सरकतो. जोर पुरेसा असला की पुढच्या चाकावर भारच उरत नाही आणि ते जमीन सोडते. कोणी एकदम रेस पिळून ते उचलतो. कोणी क्लच दाबून इंजिन गरगरू देतो आणि मग क्लच झटकन सोडतो. चाक वर जाता जाता एक जागा अशी येते की, गाडी आणि स्वार या दोघांच्या वजनाचा मध्य नेमका मागच्या चाकाच्या टेकणीवर येतो. तिथे गाडी जणू स्वतःच तोलून राहते. तिला पुढे नेण्यासाठी फारशी रेस लागत नाही. मुलांना ज्याची ओढ असते ती हीच जागा.

तिच्या पलीकडे गेले की गाडी मागे उलटते, स्वार पाठीवर आपटतो आणि गाडी त्याच्या अंगावर येते. त्या टोकावरून परत आणणारी मुख्य गोष्ट एकच असते: उजव्या पायाखालचा मागचा ब्रेक. तो हलकेच दाबला की पुढचे चाक खाली येते. म्हणून जाणता शिक्षक चाक उचलायला शिकवण्याआधी पाय ब्रेकवर ठेवायला शिकवतो. वर कसे जायचे हे समजायला फार वेळ लागत नाही; खाली यायला शिकण्यातच बहुतेक शिक्षण असते. चाक टेकताना हँडल वाकडे असेल तर तेही जोराने हेलकावे खाऊ लागते आणि स्वाराला फेकून देते.

आता हे पुढचे चाक एरवी काय काम करते ते पाहा. गाडीला दिशा मिळते ती त्याच्यामुळे. जोरात थांबायचे असेल तर थांबवण्याचे निम्म्याहून अधिक काम पुढचा ब्रेक करतो. चाक हवेत असताना ही दोन्ही कामे बंद पडतात. शिवाय उभी राहिलेली गाडी स्वाराच्या समोरचा रस्ता झाकून टाकते. निष्णात माणूस अंग कलवून थोडीफार दिशा बदलू शकतो; शिकाऊ मुलाला तेही जमत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण पुढे आपल्याला पुन्हा त्याच्याकडे यायचे आहे.

आणखी एक गंमतीची गोष्ट. व्हीली म्हणजे वेग, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तसे नाही. शर्यतीतले निष्णात स्वार शर्यत चालू असताना चाक वर जाऊ नये म्हणून धडपडतात, कारण ते वर गेले की इंजिनाचा जोर पूर्णपणे वापरता येत नाही आणि वेळ वाया जातो. यामाहा कंपनीने २०१५ सालच्या आर-वन या गाडीत तर चाक उचलले जात आहे हे ओळखून इंजिनाचा जोर आपोआप आवरणारी यंत्रणाच बसवली. तेच स्वार शर्यत जिंकल्यावर मात्र प्रेक्षकांसमोर आनंदाने चाक उचलतात. म्हणजे व्हीलीचा पोहोचण्याशी काही संबंध नाही. ती शुद्ध हौस आहे, खेळ आहे.

खेळ आणि आनंद

मग खेळ म्हणून ती वाईट आहे का? ख्रिस्ती परंपरेने खेळाला सरसकट पाप मानलेले नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या मोठ्या ईशज्ञानग्रंथात खेळ आणि विनोद यांवर स्वतंत्र विवेचन केले आहे. तिथे त्यांनी संत योहानाविषयीची एक जुनी कथा दिली आहे. योहान आपल्या शिष्यांबरोबर खेळत असलेला पाहून काही लोकांना धक्का बसला. त्यांच्यात एक धनुर्धारी होता. योहानाने त्याला बाण मारायला सांगितले, पुन्हा पुन्हा मारायला सांगितले, आणि मग विचारले की, असे अखंड मारत राहता येईल का? तो म्हणाला की, तसे केले तर धनुष्य मोडेल. माणसाचे मनही तसेच आहे, कधीच सैल सोडले नाही तर ते मोडते, असा त्या कथेचा बोध. इतकेच नव्हे, तर ज्याला कधीच हसता-खेळता येत नाही आणि जो दुसऱ्याच्या आनंदावर विरजण घालतो, त्याच्यातही दोष आहे असे संत थॉमस सांगतात. आम्ही धर्मगुरूंनी आणि पालकांनी हे वाक्य आधी स्वतःला लावून पाहिले पाहिजे!

मोटरसायकलशी तर ख्रिस्तसभेचे जुने नाते आहे. इटलीतील कास्तेलात्सो बोर्मिदा या गावातील मरियामातेला पोप पायस बारावे यांनी १९४७ साली मोटरसायकलस्वारांची आश्रयदाती म्हणून घोषित केले. जून २०१३ मध्ये दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी संत पेत्राच्या चौकात हजारो मोटरसायकलस्वारांना आशीर्वाद दिला. त्या वर्षी हार्ले-डेव्हिडसन कंपनीने त्यांना भेट दिलेली गाडी फेब्रुवारी २०१४ मध्ये पॅरिस येथे लिलावात २,४१,५०० युरोंना विकली गेली आणि ते पैसे रोममधील कॅरितास संस्थेच्या गरिबांसाठीच्या कामाला मिळाले. तेव्हा गाडीचे वेड म्हणजे सैतानाचे वेड, असे कोणी म्हणू नये.

मुलांच्या बाजूने आणखी एक गोष्ट बोलली पाहिजे. संत मत्तयच्या शुभवर्तमानात धन्याने चाकरांना दिलेल्या रकमांचा दाखला आहे. त्यात धनी रागावतो तो कोणावर? ज्याने धोका पत्करून व्यापार केला त्याच्यावर नव्हे. भीतीपोटी ज्याने आपली रक्कम जमिनीत पुरून ठेवली त्याच्यावर. जीव देवाची ठेव आहे असे आपण मुलांना सांगतो, ते खरेच आहे. पण ठेव म्हणजे पुरून ठेवायची वस्तू नव्हे. जी मुले सकाळी विरार लोकलला लोंबकळत कामाला जातात आणि रात्री परततात, ज्यांना परीक्षेत, नोकरीत, घरात कोणी कधी 'शाब्बास' म्हटलेले नाही, त्यांना चाक उचलल्यावर पहिल्यांदा दहा जण टाळ्या वाजवतात. आपण त्यांच्यावर रागावतो तेव्हा ती टाळी का लागते, याचाही विचार करायला हवा.

धैर्य कशाला म्हणावे?

मुले म्हणतात, "यासाठी हिंमत लागते." लागतेच. पण कोणत्या प्रकारची?

आपल्या किनाऱ्यावरचे मच्छीमार बांधव दररोज जीव धोक्यात घालतात. आपण त्यांच्या होड्यांना आशीर्वाद देतो. त्यांना कोणी पापी म्हणत नाही. म्हणजे जिवाचा धोका पत्करणे हे आपोआप पाप ठरत नाही. पण त्याच मच्छीमाराकडे नीट पाहा. वादळाचा बावटा लागला की तो होडी ओढून किनाऱ्यावर घेतो. त्याला समुद्राची भीती वाटते आणि ती भीती त्याला शहाणे करते. ज्याला कशाचीच भीती वाटत नाही तो शूर नसून वेडा म्हणावा लागेल, असे ग्रीक तत्त्ववेत्ता अॅरिस्टॉटल याने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातच लिहून ठेवले आहे. संत थॉमस यांनी तोच धागा पुढे नेला. भ्याडपणा हा जसा धैर्याविरुद्धचा दोष, तसाच निर्भयपणाचा अतिरेक आणि अविचारी धाडस हेही धैर्याविरुद्धचेच दोष, असे ते मानतात. धैर्याचे मुख्य काम चढाई करणे हे नव्हे. चांगल्यासाठी टिकून राहणे, सोसणे हे आहे, असेही ते सांगतात. आजारी आईची पाच वर्षे शुश्रूषा करणारी मुलगी या मापाने फार मोठी धैर्यवान ठरते, जरी तिच्यासाठी कोणी शिट्टी मारत नाही.

प्रभू येशूच्या परीक्षेचा प्रसंग आठवा. सैतान त्याला यरुशलेमच्या मंदिराच्या शिखरावर नेतो आणि म्हणतो, उडी टाक, देवदूत तुला झेलतील. उडीत काही चोरी नव्हती, खोटे नव्हते, कोणाचा मत्सर नव्हता. तरीही प्रभूने ती नाकारली, आणि देवाची परीक्षा पाहू नये असे उत्तर दिले. प्रभू मरणाला घाबरला म्हणून त्याने उडी नाकारली, असे कोणी म्हणेल काय? तोच प्रभू पुढे समजून-उमजून त्याच यरुशलेमला गेला आणि क्रुसावर चढला. दोन्ही ठिकाणी जीव जाण्याची शक्यता होती. फरक एवढाच की, क्रुसावर त्याने स्वतःला दुसऱ्यासाठी दिले, आणि ती उडी कोणाच्याच उपयोगाची नव्हती. ती फक्त दाखवण्यासाठी होती, आणि झेलण्याची जबाबदारी देवावर टाकलेली होती.

गळ्यात रोझरी, हँडलला संत अंतोनीचे चित्र, आणि डोक्यावर हेल्मेट नाही, अशी मुले आपण पाहतो. ही श्रद्धा नव्हे. शिखरावरून उडी टाकून देवदूतांना कामाला लावण्याचाच तो प्रकार आहे.

रस्ता कोणाचा?

आता त्या पुढच्या चाकाकडे परत येऊ. हे चाक वळण्यासाठी आणि थांबण्यासाठी आहे. आपण रस्त्यावर वळतो आणि थांबतो ते बहुतेक वेळा कोणासाठी? रिकाम्या रस्त्यावर वळायची किंवा थांबायची गरज फारशी पडतच नाही. आपण थांबतो कारण शाळेतून सुटलेले पोर मध्ये आले. आपण वळतो कारण भाजीची टोपली घेतलेली बाई कडेने चालली आहे, किंवा सायकलवरचे आजोबा अचानक आडवे आले. म्हणजे पुढचे चाक हे गाडीवरचे शेजाऱ्याचे चाक आहे. दुसऱ्याला वाट देण्याची सारी क्षमता त्या चाकात आहे. जो भर रस्त्यात ते हवेत उचलतो, तो त्या काही क्षणांपुरता रस्त्यावरच्या सगळ्यांना सांगत असतो: आता मी तुमच्यासाठी वळू शकत नाही, नीट थांबू शकत नाही, आणि तुम्ही मला दिसतही नाही. तुमचे तुम्ही पाहा.

'जीव माझा, दुसऱ्याचे काय जाते?' या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. स्वार धोका पत्करतो हे ठीक. पण रस्त्यावर तो दुसऱ्याच्या नावावरही धोका उधार घेतो, आणि त्या दुसऱ्याला विचारलेले नसते. मच्छीमार आपल्या तांडेलाबरोबर जातो तेव्हा होडीतला प्रत्येक जण समजून गेलेला असतो. रस्त्यावरच्या त्या आजोबांनी व्हीलीत भाग घ्यायला कधी होकार दिला होता?

ख्रिस्तसभेची शिकवण या बाबतीत अगदी स्पष्ट आहे. १९९२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रसिद्ध केलेल्या कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथात परिच्छेद २२९० मध्ये असे सांगितले आहे की, दारूच्या नशेमुळे किंवा वेगाच्या हव्यासामुळे जे रस्त्यावर, पाण्यात वा हवेत स्वतःची आणि इतरांची सुरक्षितता धोक्यात घालतात, ते गंभीर अपराधाचे धनी होतात. ही शिकवण पाचव्या आज्ञेच्या विवेचनात येते, हे लक्षात घ्या. खून करू नको ही आज्ञा हँडल हातात असतानाही लागू असते. पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या कारकिर्दीत, १९ जून २००७ रोजी व्हॅटिकनच्या स्थलांतरित व प्रवासी यांच्या मेषपालीय सेवेसाठी असलेल्या परिषदेने रस्त्यावरील प्रेषितकार्याविषयी एक दस्तऐवज प्रसिद्ध केला. त्यात वाहनचालकांसाठी दहा आज्ञाही दिल्या होत्या. तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांची थोडी थट्टाही केली. पण त्यांतील एक आज्ञा आपल्या विषयाला नेमकी लागते: गाडी ही आपली सत्ता आणि वर्चस्व मिरवण्याचे साधन होऊ नये.

भारत सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एकाच वर्षात आपल्या देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यांपैकी ७४,८९७ जण दुचाकीवर होते, म्हणजे दर शंभरात चव्वेचाळीसहून अधिक. ही सारी माणसे व्हीली मारताना गेली नाहीत, हे उघड आहे. कोणी खड्ड्यामुळे गेले, कोणी ट्रकखाली गेले, कोणी दुसऱ्याच्या चुकीने गेले. पण मुद्दा हाच आहे. आपला रस्ता आधीच इतका निर्दय आहे की त्यावर प्रत्येकाला वळण्याची आणि थांबण्याची सारी क्षमता जमिनीवर टेकलेली हवी. ज्या घरातून अशी शवपेटी निघाली आहे, त्या घराला आकड्यांची गरज नाही.

बघणारे आणि गाडी देणारे

पाप केवळ गाडीवरच्या मुलाचे नसते. कडेला उभे राहून मोबाईलवर चित्रण करणारे, "अजून वर, अजून वर" म्हणून ओरडणारे, आणि मग घरी बसून त्या चित्रफितीला पसंती देणारे, यांचाही त्यात वाटा आहे. २००४ साली 'धूम' चित्रपट आला तेव्हा मुले तो पाहून गाड्या पळवू लागली अशी तक्रार आपण करत होतो. आता चित्रपटाची गरज उरलेली नाही. प्रत्येकाच्या खिशात प्रेक्षागृह आहे. टाळी मिळते म्हणून चाक उचलले जाते. म्हणून टाळी वाजवणाऱ्याने आपण कशासाठी टाळी वाजवत आहोत याचा हिशेब मनाशी करावा.

पालकांनो, आता आपल्याविषयी. मुलगा दहावी पास झाला, वय सोळा, आणि मामाने हौसेने गाडीची चावी हातात दिली, असे आपल्याकडे अजूनही घडते. कायद्याने अठरा वर्षे पूर्ण झाल्याशिवाय गिअरची मोटरसायकल चालवता येत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो; आपल्याला माहीत नव्हते किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती हे त्याला सिद्ध करावे लागते. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड अशी आहे. त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही. निष्काळजीपणाने कोणाचा मृत्यू घडवला तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. पण कायद्याच्या भीतीपेक्षा मोठी गोष्ट ही की, आपण मुलाला काय हातात देतो त्याला आपण उत्तरदायी असतो. पाऊण-एक लाखाची गाडी हप्त्यावर घेऊन देणाऱ्या बापाला दोन-तीन हजारांचे चांगले हेल्मेट महाग वाटते, हा हिशेब मला अद्याप समजलेला नाही. त्याच २०२२ सालच्या अहवालात हेल्मेट नसल्यामुळे गेलेल्या जिवांची संख्या पन्नास हजारांवर आहे.

शिकायचेच असेल तर

मग व्हीली शिकणे हे पाप आहे का? माझे उत्तर असे आहे. चाक उचलण्याची कला स्वतः पाप नाही. सार्वजनिक रस्त्यावर ती शिकणे आणि दाखवणे हे मात्र पाप आहे. आणि माणसांची वर्दळ असताना, आपण काय करतो आहोत हे पूर्ण समजून ते केले तर गंभीर पाप आहे. पापाचे वजन कृतीच्या चित्तथरारकपणावर ठरत नाही. आपण कोणाला धोक्यात टाकले यावर ते ठरते. कोणाला इजा झाली नाही म्हणून ते पाप पुसले जात नाही. गोळी चुकली म्हणून नेम धरणारा निर्दोष होत नाही.

ज्याला खरेच शिकायचे आहे त्याने बंद जागा शोधावी, जिथे बाहेरचा कोणी येऊ शकत नाही. जाणता शिक्षक शोधावा. हेल्मेट, जाड जॅकेट, हातमोजे, घोट्यापर्यंतचे बूट घालावेत. पाय ब्रेकवर ठेवायला आधी शिकावे. एकट्याने कधीच शिकू नये. आपल्याजवळ अशी जागा सहज मिळत नाही, हे खरे आहे. आपल्या देशात चेन्नई आणि कोईमतूर येथे शर्यतीचे मार्ग आहेत. आपल्या जिल्ह्यात क्रिकेटसाठी मैदान मिळायची मारामार. पण जागा नाही म्हणून रस्ता आपला होतो असे नाही. जपानमधील यासुयुकी कुडो यांनी मे १९९१ मध्ये न थांबता ३३१ किलोमीटर एका चाकावर गाडी चालवली. म्हणजे साधारण वसईहून साताऱ्यापुढे जाण्याइतके अंतर! ते त्यांनी केले ते वाहनांच्या चाचणीसाठी राखलेल्या बंद मार्गावर. जगाला तोंडात बोट घालायला लावणाऱ्या माणसालाही दुसऱ्याच्या रस्त्याची गरज पडली नाही. अमेरिकेतील ईव्हल नीव्हल हे नाव धाडसी उड्यांसाठी सत्तरच्या दशकात घरोघरी पोहोचले होते. असंख्य हाडे मोडून घेतलेल्या त्या माणसाने १९८७ साली कॅलिफोर्निया राज्यात हेल्मेट सक्तीच्या विधेयकाला जाहीर पाठिंबा दिला. ज्यांना पडणे ठाऊक असते, ते डोक्याची थट्टा करत नाहीत.

बंद मैदानातही एक प्रश्न शिल्लक राहतो, आणि त्याचे उत्तर प्रत्येकाला स्वतःच्या विवेकबुद्धीसमोर द्यायचे आहे. माझ्यावर कोण अवलंबून आहे? घरातला एकटा मिळवता मुलगा, दोन लहान मुलांचा बाप, आणि ज्याने हाच व्यवसाय पत्करला आहे असा कसलेला स्वार, या तिघांसाठी तोच धोका सारख्या वजनाचा नाही. सुज्ञता हा सद्गुण यासाठीच आहे. ती सर्वांना एकच नियम लावत नाही; पण प्रत्येकाला खरा हिशेब करायला लावते.

पालकांना शेवटची विनंती. या आठवड्यात जेवताना हा विषय घरात काढा. "गाडीला हात लावशील तर याद राख," असे म्हणू नका. तसे म्हटले की मुलगा गप्प बसतो आणि पुढच्या वेळी दूरच्या रस्त्यावर जातो. त्याला विचारा की, चाक वर असताना तुला काय वाटते? तो जे सांगेल ते पूर्ण ऐका. मग त्याला दुसरा प्रश्न विचारा: त्या वेळी समोरून तुझी आजी रस्ता ओलांडत असती, तर तू काय केले असतेस? त्याच्याकडे उत्तर नसेल, कारण त्या वेळी त्याच्याकडे पुढचे चाकच नव्हते. तिथून पुढचे तोच समजून घेईल.

आणि युवकांनो, तुमच्या हातांत जे कसब आहे ते देवानेच दिलेले आहे. ते पुरून ठेवा असे मी म्हणत नाही. फक्त ज्या रस्त्यावर तुमचा शेजारी चालतो आहे, तिथे त्याचे चाक जमिनीवर राहू द्या.